उसना हात

चौथऱ्यावरून उतरताना झग्याची किनार खुर्चीच्या पायात अडकली, ती सोडवायला मार्जरी वळली आणि जे बघायचं नाही असं ठरलेलं होतं तेच तिला दिसलं. चित्रकार मिस्टर गोवन यांचा नियम साधा होता. ते स्वतः बोलावत नाहीत तोवर कॅनव्हासच्या या बाजूला कुणी यायचं नाही, मग ती उमरावाची बायको असो की तिच्याऐवजी बसायला आलेली तिची मावसबहीण. सहा दिवस मार्जरीनं तो पाळला होता. नियम पाळणं तिला जड जात नसे, उलट त्यात तिला ऊब वाटे. पण आज दुपारी ढग फाटले, उन्हाची तिरीप आत आली, ती रोखण्यासाठी गोवननी चित्राची घोडी जराशी फिरवली आणि खिडकीचं झाकण लावायला गेले. तेवढ्यात हे झालं. कॅनव्हासवर त्या उमरावाच्या बायकोचा, एफीचा, चेहरा होता. त्रेचाळीस वर्षांचा, ओठांच्या एका कोपऱ्यात किंचित नाराज, जेवण उशिरा आलं की होतो तसा. त्याखाली लांब गळा, रोमन पद्धतीचा पांढरा मलमलीचा झगा, विटकरी काश्मिरी शाल. मांडीवर उजवा हात उताणा पडलेला, बोटांत शालीचं टोक सैल धरलेलं. त्या हाताच्या मनगटावर, आतल्या बाजूला, जवाच्या कुसळाएवढी एक पांढरट रेघ होती.

ती रेघ मार्जरी ओळखत होती. तेहतीस वर्षं ती तिच्या बाहीच्या आत राहत होती. उन्हाळ्यातसुद्धा मार्जरी मनगटापर्यंत लेसचे हातमोजे घाले, आणि घरातल्यांनी त्याला तिच्या धार्मिकपणात जमा करून टाकलं होतं. रेघ कुणीतरी पाहिली याचा तिला धक्का बसला नाही. झग्याला बाह्याच नव्हत्या, त्यामुळे ती दिसणार हे तिला माहीत होतं. धक्का बसला तो वेगळाच. रेघ एफीच्या हातावर होती, आणि तिथं ती अगदी सुखानं राहत होती. जणू इतकी वर्षं चुकीच्या घरी उतरलेलं माणूस शेवटी आपल्या पत्त्यावर पोचलं होतं.

“बघितलंत ना,” गोवन खिडकीशी पाठमोरेच म्हणाले.

“बघितलं.”

“मग विचारून टाका. सगळे विचारतात. माझं नाक खरंच एवढं आहे का, म्हणतात.”

“नाक माझं नाही,” मार्जरी म्हणाली.

गोवन हसले. ते फाइफच्या किनाऱ्यावरच्या कोळ्याचे नातू, आणि हसताना त्यांचे खांदे वल्हं मारल्यासारखे हलत. “तेही खरं. मग?”

“ती मनगटावरची खूण.”

“कुठली?” त्यांना खरोखरच जवळ येऊन बघावं लागलं. एकदा चित्राकडे, एकदा तिच्या हाताकडे. “हां, ही. ही तुमच्या हातावर आहे, मार्जरीबाई.”

“पण तिथं हात माझा नाही ना.”

गोवननी कुंचल्याचं लाकूड दातात धरून पुन्हा चित्राकडे बघितलं. “खरंच की,” ते म्हणाले. “मी उजेड बघतो, बाई. उजेड कुणाच्या हातावर पडलाय ते विचारत बसत नाही. या शहरातल्या निम्म्या उमरावांच्या बायकांना माझ्या स्वयंपाकिणीच्या बहिणीचे दंड आहेत, पण तिच्या अंगावर तीळसुद्धा नाही, म्हणून आजवर निभावलं.” त्यांनी पट्ट्यातलं फडकं काढलं, बोटाला गुंडाळलं आणि बोट कॅनव्हासकडे नेलं.

“थांबा,” मार्जरी म्हणाली.

ती असं का म्हणाली ते तिला कळलं नाही. गोवननाही कळलं नसावं, पण ते थांबले. “बाईसाहेब उद्या दोनला यायच्यात,” ते म्हणाले. “सकाळपर्यंत रंग ओला आहे. दहाच्या आत कुणाकडून निरोप पाठवा, एक बोट फिरवलं की गेलं. वाळलं म्हणजे खरवडावं लागेल, आणि खरवडलेली कातडी खरवडलेलीच दिसते. मग त्या मला सोडायच्या नाहीत. तुम्हालाही.”

जॉर्ज स्ट्रीटवर वारा होता. सगळ्या चिमण्यांचा धूर एकाच बाजूला वाकला होता. न्यूहेवन बंदरावरची एक कोळीण पाठीवर पाटी घेऊन वाकून चालली होती आणि तिच्या आरोळीचे तुकडे वारा उलटे मागं नेत होता. मार्जरीनं सवयीनं डावी बोटं उजव्या बाहीत घातली. खूण तिथंच होती. ती काही कुठं गेली नव्हती, तरी हात लावून बघावंसं वाटलं याचं तिला नवल वाटलं. सहा दिवस दुसऱ्याचा हात होऊन बसायचं म्हणजे काय, याचा तिनं तोवर विचार केला नव्हता. बसायला सांगितलं, ती बसली. एफीच्या बोटांची पेरं संधिवातानं सुजली होती, अंगठी निघत नसे. चेहऱ्यासाठी ती चार दिवस कशीबशी बसली आणि पाचव्या दिवशी जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांसमोर म्हणाली, “हातांसाठी मी मार्जरीला पाठवणार. तिचे हात अजून नव्यासारखे आहेत, कधी कशाला वापरलेच नाहीत ना.” सगळे हसले. मार्जरीही हसली होती. त्याच हातांनी तिनं गेली वीस वर्षं एफीची पत्रं लिहिली होती, तिच्या तिन्ही मुलांना गोवरात धरून ठेवलं होतं, आणि त्या दिवशी सकाळीच एफीच्या झग्याची उसवलेली कड शिवली होती. पण तेव्हा तिला हे काही आठवलं नव्हतं. तिच्या मनात फक्त आलं होतं, की हात खरंच बरे आहेत. आणि त्या गर्वाबद्दल रात्री प्रार्थनेत तिनं क्षमा मागितली होती.

ती खूण झाली तेव्हा मार्जरी नऊ वर्षांची होती. किनाऱ्यावरच्या गरीब चर्चचे उपदेशक असलेले तिचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते, आई त्याआधीच, आणि मावशीनं तिला आपल्याकडे आणलं होतं. मावशी, म्हणजे एफीची आई, काउंटेस होती, मोठ्या उमरावाची बायको. घर एवढं मोठं की हिवाळ्यात एका टोकाच्या खोल्या बंद करून टाकत आणि वसंतात त्या उघडल्या की आत मेलेले पक्षी सापडत. एफीच्या भावांचे मास्तर रोमन लोकांच्या गोष्टी सांगत. त्यांत एका तरुणाची गोष्ट होती. शत्रूच्या राजानं त्याला धरलं तेव्हा रोमची माणसं कशी असतात हे दाखवायला त्यानं आपला उजवा हात जळत्या निखाऱ्यांत धरला आणि हूं की चूं केलं नाही. मुलींना ती ऐकायची परवानगी नव्हती, म्हणून त्या दाराबाहेर बसून ऐकत. एफी दहा वर्षांची होती आणि तिला प्रत्येक गोष्ट करून बघायची असे. बेडूक किती वेळ श्वास धरतो, मेणबत्ती उलटी धरली तर कुठं गळते. तिच्या डोळ्यांत दुष्टपणा नव्हता, हे मार्जरीला तेव्हाही ठाऊक होतं आणि आजही तिनं शपथेवर सांगितलं असतं. नुसतं कुतूहल होतं, आणि ते फार स्वच्छ होतं. कपड्यांच्या खोलीत झालरींना चुण्या बसवायची लोखंडी सळई शेगडीत तापत पडली होती आणि इस्त्रीवाली खाली चहाला गेली होती. एफी म्हणाली, “तू रोमन हो. मी राजा होते.” मग ती म्हणाली, “हलू नकोस.” मार्जरी हलली नाही. शेगडीपलीकडच्या खिडकीच्या काचेत एक बुडबुडा होता आणि त्यातून बाहेरचं झाड दोन ठिकाणी मोडल्यासारखं दिसत होतं, हे तिला लख्ख आठवत होतं. वास आठवत होता. दुखणं मात्र आठवत नव्हतं. खूप वेळ गेला असं वाटत होतं, पण जवाच्या कुसळाएवढ्या खुणेला वेळ तो किती लागणार.

मग मावशी आली. ती वाईट बाई नव्हती. गुडघ्यांवर बसून तिनं मार्जरीचा हात लोण्यानं माखला आणि विचारलं, “कसं झालं?” एफी दाराशी मध लावलेली ओटची भाकरी खात उभी होती, आणि मध तिच्या कोपरापर्यंत ओघळला होता. मार्जरी म्हणाली, “माझी मीच पडले.” मावशीनं विचारलं, “आणि एफी कुठं होती?” मार्जरी म्हणाली, “बागेत.” बस्स. तो विषय त्यानंतर कधी निघाला नाही. आधी मुली म्हणून, मग तरुण म्हणून, मग एक घरची मालकीण आणि दुसरी तिच्या घरी राहणारी म्हणून त्या एकाच छताखाली म्हाताऱ्या होत आल्या होत्या, पण एफीनं त्या मनगटाकडे कधी बघितल्याचं मार्जरीला आठवत नव्हतं. त्या वर्षापासून मार्जरी रोज सकाळी कुणाशीही एक शब्द बोलण्याआधी गुडघ्यांवर बसून एक स्तोत्र म्हणत असे, आणि त्या दिवसानंतर ती खोटं बोलली नव्हती. लोकांना वाटे, उपदेशकाची मुलगी आहे, रक्तातच आहे. रक्ताचा काही संबंध नव्हता. तो एक शब्द होता, ‘बागेत.’ तो का उच्चारला गेला याचं उत्तर ती तेहतीस वर्षं शोधत होती. घरातून घालवून देतील या भीतीनं, की एफीवरच्या मायेनं, की आपण रोमन ठरलो याच्या गर्वानं? दर काही वर्षांनी तिला वेगळं उत्तर पटे.

क्वीन स्ट्रीटवरच्या घराचं दार बेथियानं उघडलं. बेथिया वीस वर्षं या घरात मोलकरीण होती आणि तिला सगळ्यांवर दया येत असे.

“गारठलात की. त्या फडक्यासारख्या झग्यात बसवतात तुम्हाला, आणि बाईसाहेब इथं शेकोटीपाशी,” ती म्हणाली. “अहो, आणि उत्तरेकडून पत्र आलंय. थोरल्या आत्याबाईंचं. बाईसाहेबांनी दोनदा वाचलं.”

त्या पत्राचा अर्थ मार्जरीला माहीत होता. एफीचे नवरे सर विल्यम यांची आत्या दूर उत्तरेला केथनेसमध्ये समुद्राकाठच्या ओल धरलेल्या घरात एकटी राहत होती, तिला दिसेनासं झालं होतं, आणि सोबतीला कुणीतरी पाठवा असा तिचा लकडा होता. इथं वसंतात थोरल्या मुलाचं लग्न होऊन सून यायची होती, आणि तिच्यासाठी मार्जरीची खोली सोडून घरात दुसरी खोली नव्हती. कुणी उघड बोललं नव्हतं. पण मार्जरी कुठं राहील, या घरात की केथनेसमध्ये, हे एफी ठरवणार होती, आणि बहुधा या आठवड्यात.

जेवताना एफीनं मासळीवरून नजर न काढता विचारलं, “माझे हात कसे झालेत?”

माझे हात, ती म्हणाली, इतकं सहज, की मार्जरीला क्षणभर आपल्याच पानातल्या हातांकडे बघावं लागलं. “तुला उद्या दिसतीलच.”

“तू म्हणजे ना. दगडाला विचारलं तर दगड जास्त बोलेल. चांगले आहेत की नाहीत एवढं सांग.”

“चांगले आहेत.”

“तसं नसलं तर बघ. चित्र बिघडलं तर मी कुणावर तरी राग काढणार, आणि गोवनवर काढता येत नाही, तो आणखी कुरूप काढील मला.” एफी हसली. मग सुरी खाली ठेवून तिनं सुजलेली बोटं हळूहळू मिटली आणि उघडली, दुखणाऱ्या माणसानं एकटं असताना करावं तसं. “रोमन दिसायचं म्हणजे थंडीनं मरायचं. त्यांच्याकडे ऊन होतं. आपल्या इथं कुणी सुचवलं हे?”

मार्जरीला वाटलं, आता सांगावं. खूण राहिलीय, पुसायला सांगू का, एवढंच. पण एफी जर म्हणाली, ‘कसली खूण?’ तर? तो एक प्रश्न मार्जरीला ऐकायचा नव्हता. एफी विसरलेली असेल, ही गोष्ट तिला केथनेसच्या समुद्रापेक्षा जास्त गार वाटली. इतक्या वर्षांत तिनं ती जागा राखली होती, झाडलोट केली होती, रोज तिथं गुडघे टेकले होते, आणि दुसऱ्या कुणाला तिचा पत्ताच नसेल, तर मग ती कुणाची राखण करत होती?

सकाळी स्तोत्र म्हणून झालं तरी ती उठली नाही. जमीन थंड होती. पुसून टाकायला सांगणं म्हणजे ‘एफी बागेत होती’ हे दुसऱ्यांदा सांगणं, हे तिला आता स्वच्छ दिसत होतं. पण राहू देणं म्हणजे काय? तो खरेपणा होता का? तिनं स्वतःला कसोशीनं तपासलं, शिवणीत राहिलेली टाचणी शोधावी तसं. सूड सापडला नाही. सापडलं ते कुतूहल. ती रेघ दिसल्यावर एफीचा चेहरा कसा होईल, ते तिला बघायचं होतं. फक्त बघायचं होतं. शेगडीपाशी एफीच्या डोळ्यांत जे होतं तेच आज आपल्या डोळ्यांत आहे, हे कळल्यावर मार्जरी मान खाली घालून बराच वेळ बसून राहिली. ते काढून घे, अशी तिनं देवाला विनंती केली. देवानं ते काढून घेतलं नाही.

बेथिया दाराशी आली. “मी जॉर्ज स्ट्रीटला चाललेय. त्या रंगवाल्याला काही निरोप?”

घड्याळात नऊ वाजून गेले होते.

“नाही,” मार्जरी म्हणाली. “काही निरोप नाही.”

दोनला एफी गोवनच्या खोलीत शिरली ती पायऱ्यांना नावं ठेवत. ती पिसांची टोपी आणि कातडी हातमोजे घालून आली होती आणि हातात लांब दांडीचा चष्मा होता. मार्जरी मागं, दाराजवळ उभी राहिली. तिथून तिला चित्र दिसत नव्हतं. एफीचा चेहरा दिसत होता, आणि आपण जागा मुद्दाम निवडली हेही तिनं स्वतःपाशी कबूल केलं.

“बरी आहे की ही बाई,” एफी चित्राकडे बघून म्हणाली. “आत्ताच कुणीतरी हिला मासळीचा भाव सांगितलाय.”

“चौथ्या दिवशी आपण तशाच बसला होतात, बाईसाहेब,” गोवन म्हणाले.

“तर काय. दगडाची खुर्ची दिलीत.” तिनं चष्मा डोळ्यांना लावला. चेहऱ्यावरून गळ्यावर, शालीवर, मग खाली. तिथं चष्मा थांबला. खोलीत कोळसा फुटल्याचा आवाज झाला. एफीचा चेहरा मार्जरी बघत होती, आणि त्यावर काहीच झालं नाही. ना राग, ना लाज. बघता बघता मात्र तो चेहरा वयानं मागं गेला. ओठांतली नाराजी निघून गेली, भुवया किंचित वर गेल्या, आणि मार्जरीला तो ओळखू आला. दहा वर्षांचा, स्वच्छ, करून बघणारा.

“ती चूक झालीय माझी,” गोवन घसा साफ करत म्हणाले. “मार्जरीबाईंच्या हातावर आहे म्हणून आली. रंग वाळलाय आता, पण दोन दिवस द्या मला, मी...”

“अशी नव्हती ही,” एफी म्हणाली.

“काय, बाईसाहेब?”

“ही सरळ काढलीय तुम्ही. सरळ नव्हती. अंगठ्याकडच्या टोकाला वळलेली होती, आकड्यासारखी.” तिनं चष्मा खाली घेतला, पण मागं वळून बघितलं नाही. “मी सळई ओढून घेतली तेव्हा ती वळली. मार्जरी, इकडे ये.”

मार्जरी गेली. चालताना आपले पाय ऐकू येताहेत असं तिला वाटलं. एफीनं उजवा हातमोजा दातांनी ओढून काढला, पेरं दुखत असताना ती तसंच करी, आणि मार्जरीचा लेसचा हातमोजा आणि बाही स्वतः बाजूला सारून मनगट खिडकीच्या उजेडात उताणं धरलं. गोवन वाकले. टोक वळलेलं होतं. “कबूल,” ते म्हणाले. “मी सरळ करून टाकली. डोळ्याला बरी दिसावी म्हणून.”

“डोळ्याला बरी दिसायला नकोय ती मला. आहे तशी करा. आत्ता करा, मी थांबते.”

“माझ्या जेवणाच्या खोलीत लागणार आहे हे चित्र,” जरा वेळानं ती म्हणाली, गोवनना उद्देशून की आणखी कुणाला ते कळलं नाही. “आईच्या चित्रासमोर. बघू दे तिला.” गोवन रंग कालवायला लागले. तेलाचा वास आला. एफी अजून मनगट धरून होती, आणि आता ती हळू बोलली, फक्त दोघींत. “तू ओरडशील म्हणून मी थांबले होते. तू ओरडलीस की काढून घेणार होते. तू ओरडलीच नाहीस, मार्जरी. मला कळेचना किती वेळ धरायची.”

इतकी वर्षं मार्जरीनं स्वतःच्या शब्दाचं कारण शोधलं होतं. स्वतःच्या गप्प राहण्याकडे तिनं कधी बघितलंच नव्हतं. काचेतला बुडबुडा, मोडलेलं झाड, आणि शेगडीपाशी एक मुलगी, हातात तापलेली सळई घेऊन वाट बघत असलेली.

“उजेड बरा आहे,” गोवन कुंचला घेऊन आले. “जरा तसाच ठेवा हात.”

“हलू नकोस,” एफी म्हणाली, आणि मनगट स्थिर राहावं म्हणून तिनं पकड घट्ट केली. तिच्या बोटातली न निघणारी अंगठी मार्जरीच्या हाडावर रुतली.

“एफी,” मार्जरी म्हणाली. परक्या माणसासमोर तिनं हे नाव वीस वर्षांत घेतलं नव्हतं. “दुखतंय.”

सुजलेली बोटं ताबडतोब सैल झाली.